मिरकरवाड्याच्या अर्जाची मोजणी

"रत्नागिरीच्या कुटुंबाने आजार सुरू झाल्याचे वय हेतुपुरस्सर चुकीचे भरले होते. घरात लग्नाची मुलगी असल्याने असे घडले असावे. आमचे एक ज्येष्ठ सदस्य स्वतः तेथे जाऊन आले व त्यांनाही तसेच आढळले. सबब त्या कुटुंबाची नोंद संशोधनाच्या यादीतून वगळण्यात येत आहे."

आमच्या रुग्णगटाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या पत्रकातील हा मजकूर आहे. त्यातील 'ज्येष्ठ सदस्य' म्हणजे मी. मी तेथे जाऊन आलो, एवढे एकच विधान या चार वाक्यांत खरे आहे. उरलेले सर्व मला अमान्य आहे, आणि माझ्या तोंडी घातलेले वाक्य तर मी कधी उच्चारलेलेच नाही. म्हणून तीन दिवसांच्या त्या प्रवासाची हकिकत, जे तेथे गेले नाहीत व बहुधा जाणारही नाहीत त्यांच्यासाठी, क्रमाने लिहीत आहे. त्या घरातील माणसांची नावे मी बदलली आहेत. गावांची बदललेली नाहीत.

प्रथम माझा अधिकार सांगतो. मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे भूकरमापक होतो. जमिनीवर स्वतः उभा राहिल्याशिवाय मी एकाही नकाशावर सही केली नाही. या आजाराबाबतचा माझा अधिकार मात्र मी मिळवलेला नाही. तो माझ्यावर लादला गेला. मेंदूतील तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजत जातो, असा हा आनुवंशिक विकार आहे. आधी चाल बिघडते, मग हस्ताक्षर, मग बोलणे, मग गिळणे. बुद्धी तेवढी शेवटपर्यंत शाबूत राहते व चाललेले सर्व पाहत बसते. माझा मुलगा सुहास या विकाराने एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्याला घेऊन आम्ही नऊ वर्षे दवाखाने हिंडलो आणि प्रत्येक डॉक्टरने 'असा रुग्ण प्रथमच पाहतो आहे' असे, जणू आमचा गौरव होत असल्यासारखे, सांगितले.

सुहास गेल्यानंतर माझ्या पुतणीने मला मोबाइलवर हा गट दाखवला. नांदेडच्या कोणा गृहस्थाने त्यात लिहिले होते की, आई पाण्याचा घोट घेते तेव्हा आमचे सगळे घर श्वास रोखून बसते. ते वाचून मी उठलो आणि खोलीचे दार लावून घेतले. जगात असे दुसरे घर आहे हे मला त्या दिवशी कळले, आणि ज्याला कळायला हवे होते तो नव्हता.

तेव्हा अशा गटांचे मोल मला कोणी शिकवू नये. एका इस्पितळात असे एखादेच घर येते. त्यावरून कोणता संशोधक काय ठरवणार? गटात ती घरे आपण होऊन एकत्र येतात. कोण केव्हा अडखळू लागला, कोणाचा आवाज केव्हा गेला, हे रोजच्या रोज पाहणारी माणसे स्वतः लिहून ठेवतात. म्हणूनच काही संशोधकांनी आमच्या गटाकडे विचारणा केली होती. हा आजार पिढीगणिक लवकर येतो काय, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांना आई किंवा बाप आणि त्यांचे अपत्य अशा, दोघांनाही आजार असलेल्या जोड्या हव्या होत्या, व प्रत्येकाचे आजार सुरू झाल्याचे वय शक्य तितके नेमके हवे होते.

रत्नागिरीचा अर्ज तेथे अडला. मिरकरवाडा बंदरातला एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, दत्ताराम. त्याचा अर्ज मुलीने भरला होता व आजार सुरू झाल्याचे वय सत्तेचाळीस लिहिले होते. दत्तारामचा धाकटा भाऊ रवी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. त्याने गटावरच्या चर्चेत सहज लिहिले की दादाचे हे दहा वर्षांपासून आहे. दत्ताराम आज एक्कावन्न वर्षांचा. म्हणजे भावाच्या हिशेबाने वय एक्केचाळीस. सहा वर्षांची तफावत. लगेच कोणीतरी लिहिले, "लग्नाची मुलगी दिसते घरात." बापाचा आजार उतारवयाचा दाखवला की तो आनुवंशिक वाटत नाही व मुलीचे स्थळ मोडत नाही, असा त्याचा अर्थ; त्याखाली इतरांनी अंगठे उमटवले.

गटाचा संयोजक पुण्याचा तरुण आहे. त्याची सख्खी बहीण आजारी आहे. त्याची तळमळ मी नाकारत नाही, घाई नाकारतो. त्याचा मला फोन आला. "काका, तुम्ही सांगलीला. रत्नागिरी तुम्हाला जवळ. एकदा बघून येता का?" मी म्हणालो, बघून येत नसतो, मोजून येत असतो. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

हातखंबा

आंबा घाट उतरेपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. मार्गशीर्ष असूनही आकाश मळभाने भरलेले होते, आणि बसमधील स्थानिक माणसे खिडकीबाहेर पाहून आपसात मोहोराविषयीच बोलत होती. हे असेच चार दिवस राहिले तर कलमांवरचा मोहोर काळा पडणार. आमच्याकडे मळभ आले की म्हाताऱ्यांचे सांधे दुखतात, एवढाच त्याचा अर्थ; येथे त्याने लोकांची तोंडे उतरली होती.

हातखंब्याला बस चहासाठी थांबली. महामार्गाचे काम चाललेले, सर्वत्र उकरलेला जांभा आणि लाल चिखल. मी उतरून चार पावले टाकली तोच माझ्या उजव्या बुटाचा तळ चिखलातच राहिला व मी त्याच्याशिवाय पुढे आलो. शेजारी चपलांचे दुकान होते. दुकानदाराने माझ्या पायांकडे पाहिले.

"काका, घाटावरचे ना?"

"कशावरून?"

"बूट घालून हितं कोण उतरतो? सायब तरी नायतर घाटावरचा तरी. सायबाला न्यायला गाडी येते."

मी त्याला सांगितले की हे बूट मी निवृत्तीच्या वर्षी घेतले असून ते सांगली जिल्ह्यातील सर्व रस्त्यांना पुरले आहेत. तो म्हणाला, "तुमच्या रस्त्यांना पुरले असतील. आमचा रस्ता अजून व्हायचाय." रबरी चपला घालून, पायजम्याला लाल शिंतोडे घेऊन मी रत्नागिरीत प्रवेश केला, व कोणाच्या घरी जाऊन जाब विचारण्याचा रुबाब निम्मा तेथेच संपला.

मिरकरवाडा

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरापाशी दत्ताराम मला घ्यायला उभा होता. लिलावाचा कोलाहल चाललेला, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया एकमेकींना ढकलत निघालेल्या, बर्फाच्या लाद्या दळणाऱ्या यंत्राचा घरघराट. या सगळ्या गर्दीत मी त्याला दोनशे पावलांवरून ओळखले. त्याचे छायाचित्र मी पाहिलेले नव्हते. पाय एकमेकांपासून लांब टाकायचे, टाच आपटायची, आणि पुढचे पाऊल उचलण्यापूर्वी क्षणभर जमिनीची परवानगी मागितल्यासारखे थांबायचे. ती सुहासची चाल होती.

"सा... हेब," तो जवळ येऊन म्हणाला. शब्द तुटत होते; मधली जागा तो श्वासाने भरत होता. "त्रास... झाला... तुमाला."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हातारा, तो आजारी. कोण कोणाचा आधार घेत होता ते सांगता येणार नाही. असे आम्ही धक्क्यावर गेलो. तेथे जाळ्याच्या ढिगावर एक पांढऱ्या दाढीचा मनुष्य बसला होता. हे इब्राहिमचाचा, दत्ताराम चौदा वर्षांचा असल्यापासून त्याच्याबरोबर एकाच बोटीवर होते.

"तुमी डॉक्टर?" त्यांनी मला विचारले.

"नाही. माझा मुलगा याच आजाराने गेला."

त्यांनी जाळे बाजूला सारून जागा केली. "मंग बसा."

मी बसलो व माझ्या पद्धतीने विचारू लागलो. दत्ताराम बोटीवर प्रथम केव्हा पडला?

"बोटीवर? बोटीवर नाय पडला कधी. अहो, बोटीवर सगळेच पाय फाकून उभे रातात. नाय फाकले तर समुद्रात. तिथं हा खांबासारखा होता."

"आणि जमिनीवर?"

चाचा हसले. जवळ जाळे विणणारे दोघेही हसले. "जमिनीवर आमच्यातला कोण सरळ चालतो, दाखवा! धा-बारा दिवसांनी उतरलो की धक्काच हलतो आमच्याखाली. हा डुलायला लागला तेव्हा आमी म्हणायचो, दत्त्या, अजून उतरला नायस वाटतं! दुसरा म्हणायचा, उतरलाय कसला, चढलीय त्याला!"

"आणि मी... पीतच... नाय," दत्ताराम म्हणाला आणि तोही हसला. त्याचे हसणे चेहऱ्याच्या एका बाजूने येत होते.

हा असा घोटाळा घाटावर होणे शक्य नाही. आमच्याकडे चाळिशीतला शेतकरी बांधावरून लटपटू लागला तर आठ दिवसांत गावभर होते. येथे, ज्या माणसांत डुलणे हीच चालण्याची रीत, त्यांच्यात एक मनुष्य कित्येक वर्षे डुलत राहिला आणि कोणाला, त्याला स्वतःलासुद्धा, ते वेगळे वाटले नाही.

मी प्रश्न बदलला. हद्दीचा दगड सापडत नसला तर मोजणीदार जवळची विहीर शोधून तिच्यापासून मोजतो. "चाचा, दत्ताराम बोटीवर जे काम करीत असे, त्यातले त्याने पहिल्यांदा कोणते सोडले?"

इब्राहिमचाचांचे हसणे थांबले.

"दोर फेकायचा," ते म्हणाले. "बोटीच्या तोंडाशी एका पायावर जोर देऊन धक्क्यावर दोर फेकायचा, ते काम याचंच. नवीन इंजिन बसवलं त्या सालापासनं मला म्हणायला लागला, चाचा, दोर तू फेक, मी सुकाणू धरतो. मी शिव्या घातल्या. म्हटलं, तांडेल झालास म्हणून बसून खायला लागलास." ते दत्तारामकडे वळले. "होय की नाय रे?"

दत्तारामने मान हलवली. नवीन इंजिन बसवून दहा वर्षे झाली होती. बोटीवरच्या सर्वांना ते ठाऊक होते.

"मग अर्जात सत्तेचाळीस वय का सांगितले?" मी विचारले. माझा स्वर कडक होता, हे मान्य करतो.

"बोट... तवा सोडली," तो म्हणाला. "त्याच्या आदी... कामावर... होतो ना. कामावर जातो... तो आजारी... कसा?"

मी ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. बंदराच्या वरच्या अंगाला दोन खोल्या, बाहेर जांभ्याच्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांच्या कडेने भिंतीला हाताच्या उंचीवर बांधलेला एक जाड दोर, धरून चढण्यासाठी. बांगड्यांचे तिखले आणि भात. भाकरीची सवय असलेल्या मला दोन वेळा भात म्हणजे न जेवल्यासारखेच. पण तिखल्याने माझ्या अभिमानाचा पराभव केला. मी भरभर जेवू लागलो आणि काटा घशात अडकला. दत्तारामची बायको सुनंदा हिने एक कोरड्या भाताचा गोळा माझ्या हातावर ठेवला. "चावू नका. तसाच गिळा. घाटावरच्या पावण्याला आमी पयला गोळा आदीच वळून ठेवतो."

काटा गेला. मी हसलो. तेवढ्यात दत्तारामने पाण्याचा पेला उचलला, आणि मी पाहिले की सुनंदाचा घास हातातच राहिला, कोपऱ्यात बसलेली मुलगी प्रणाली हिचाही. पाणी खाली उतरले. मग सगळी पुन्हा जेवू लागली. नांदेडचे ते वाक्य मी डोळ्यांनी पाहिले.

"तुमच्या मुलाला कुणाकडनं आलं हे?" सुनंदाने हळूच विचारले.

"त्याच्या आईकडून," मी म्हणालो.

हे मी एवढ्या तत्परतेने म्हणालो की मलाच ऐकू आले. त्यापुढचे मी तेथे सांगितले नाही, येथे सांगतो. माझी पत्नी शेवटची बारा वर्षे भिंत धरून चालत होती. आम्ही त्याला संधिवात म्हणत होतो. ती म्हणे, गुडघे दुखत नाहीत हो, मला जमीनच सापडत नाही. मी म्हणे, जमीन तुझ्या पायाखालीच आहे. जमीन शोधून देण्याचा पगार घेणारा मनुष्य घरात असे बोलत होता. पुढे गटाचा अर्ज भरताना 'आईचा आजार' या रकान्यात मी माझ्या वळणदार अक्षरात 'संधिवात' लिहिले. सहा महिन्यांनी स्वतःच दुरुस्ती पाठवली. ती दुरुस्ती गटाने आभार मानून स्वीकारली. मला हेतू विचारला गेला नाही.

झेरॉक्सचे दुकान

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रणालीला भेटलो. ती बसस्थानकाजवळच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याच्या दुकानात काम करते. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. दाखले, शिष्यवृत्त्या, पेन्शनी, बोटींचे परवाने. दिवसभर तिच्यापुढे माणसे रांगेत उभी राहतात व ती त्यांचे अर्ज भरते. चोवीस वर्षांची, सडपातळ, बोलण्यात तुटक.

मी सरळच विचारले. "लग्नासाठी वय वाढवून लिहिलेस काय?"

रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने मान वर केली. प्रणालीने कळफलकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"आजोबा, हितं रोज दोन माणसं तरी येतात, वय कमी घाल, उत्पन्न कमी घाल म्हणून सांगतात. मी नाय घालत. मालक ओरडतो, तरी नाय घालत. आणि माझ्या बाबांचा खोटा घालीन?"

"मग सत्तेचाळीस?"

"बाबांनी सांगितलं ते घातलं. प्रश्न काय व्हता? चालताना त्रास कधी सुरू झाला. त्रास त्यांना बोट सोडल्यावर झाला. त्याच्या आदी त्यांना त्रास नव्हताच, आजोबा. मजा व्हती. सगळे हसत व्हते. तुमच्या गटात एकान तरी मला विचारलं का, की बाई, हा आकडा कुठनं आला? थेट लिवलं, लग्नाची मुलगी. नाव नाय, गाव नाय, लग्नाची मुलगी."

"विचारायला मी आलोच आहे," मी म्हणालो.

"तुमी पण पयलं तेच विचारलंत."

रांगेतली बाई म्हणाली, "बरोबर हाय तिचा."

मग प्रणालीने मला बाकावर बसवले, चहा मागवला, आणि आपण होऊन विचारले, "तुमच्या सुहासदादांना पयल्यांदा काय झालं व्हतं? एकदम पयल्यांदा?" मला वाटले, ती माझ्या दुःखाची विचारपूस करते आहे. मी तपशिलाने सांगत बसलो: जिना उतरताना कठड्याला हात लागू लागला, अंधारात पाऊल चुकू लागले, सहीतील वेलांट्या मोठ्या झाल्या. ती लक्ष देऊन ऐकत होती. एकदाच म्हणाली, "वेलांट्या?" मी म्हणालो, होय, वेलांट्या.

निघताना तिने भरलेल्या अर्जाची छापील प्रत काढून माझ्या हाती दिली. मी ती घडी करून पिशवीत ठेवली. वादाचा आकडा पहिल्याच पानावर होता व तो मला पाठ होता.

लोटे

लोट्याला पोचायला दुपार झाली. हवेत नाकाला झोंबणारा वास होता. तेथील माणसे म्हणाली, आज काहीच नाही. पाळी सुटली, कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक फाटकाबाहेर आल्या, आणि त्यांतल्या एकीतून रवी उतरला. दत्तारामपेक्षा आठ वर्षांनी लहान. मी नाव सांगताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता काय राह्यलंय? गट मी सोडला. भावाच्या विरुद्ध साक्ष दिली म्हणून घरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तुमी लोकांनी."

"मी गटाचा वकील नाही," मी म्हणालो. "दहा वर्षे तुम्ही कशावरून म्हणता?"

आम्ही टपरीवर उभे होतो. त्याने चहा सांगितला.

"मी दादाला समुद्रावर कधी बघितला नाय. मी बघितला तो गणपतीत, गावाला. विसर्जनाला निघालो व्हतो, शेताच्या बांधावरनं. गणपती दादाच्या डोक्यावर, मी मागं. बांधावर त्याचा पाय गेला. मी मूर्ती धरली. मूर्ती धरली मी. त्याला नाय धरला. तो भातात पडला, उठला, हसला. म्हणला, बोटीची सवय. सगळे हसले. मी त्या दिवसापासनं मोजतो. माझा थोरला तेव्हा पयलीत गेलेला, म्हणून साल पक्कं."

"तुम्ही स्वतःची तपासणी केलीत?"

"नको मला. दोन पोरं हायत." त्याने पेला तसाच ठेवला. "तुमी बसा. माझी बस निघंल."

त्याची बस निघालेली नव्हती. ती तेथेच उभी होती. तो जाऊन तिच्यात बसला व दुसऱ्या बाजूला पाहू लागला.

माझी मोजणी पूर्ण झाली. आयुष्यभर मी हेच पाहिले आहे: दोन शेजारी दोन हद्दी सांगतात, एक चिंचेपासून मोजतो, दुसरा विहिरीपासून, आणि दोघेही शपथेवर खरे बोलत असतात. प्रणालीने बोट सुटल्यापासून मोजले. रवीने बांधापासून मोजले. इब्राहिमचाचांच्या दोराने निकाल दिला: एक्केचाळीस. आणि हा निकाल मोबाइलवरून लागला नसता. गटाने हे घर शोधून दिले, त्याचे श्रेय गटाला. पण आजार केव्हा सुरू झाला, हा एकच प्रश्न शेतकऱ्याला, कारकुनाला आणि तांडेलाला एकाच शब्दांत विचारून चालत नाही. त्याला विचारावे लागते की, कोणते काम प्रथम सोडलेत? असा रकाना अर्जात घालावा, असे मी लेखी सुचवले आहे.

'लेखी' या शब्दापाशी माझा दोष येतो. तो लपवणार नाही. चिपळूणच्या स्थानकातून मी संयोजकाला फोन केला. बाजूला ध्वनिक्षेपक कर्कश ओरडत होता. मी म्हणालो, दोघांनीही खरेच सांगितले आहे, परंतु योग्य वय तिसऱ्या साक्षीदाराकडून—

"म्हणजे काका, अर्जातलं वय चुकीचं आहे, बरोबर?"

"चुकीचे आहे, पण—"

"थँक्स काका, एवढंच हवं होतं."

पुन्हा फोन करणे मला कमीपणाचे वाटले. घरी येऊन मी सात पानांचा अहवाल स्वच्छ अक्षरात लिहिला, सोबत नकाशासारखा एक कालपट काढला आणि रजिस्टर टपालाने पुण्याला पाठवला, कारण सही असलेला कागद हाच माझ्या लेखी पुरावा. तो पोचण्याआधी पत्रक प्रसिद्ध झाले होते. माझ्या 'पण' पुढचे सर्व टपालात होते.

आता त्या पत्रकातील एकच शब्द उरतो: हेतुपुरस्सर. मुलीच्या लग्नासाठी आजार लपवला, हा आरोप. तो वाचल्यावर मी पिशवीतली ती प्रत प्रथमच पूर्ण उलगडली. मोजणीदाराने नकाशाची मागची बाजू न पाहता घडी घालावी, तसे मी केले होते. पुण्यातील विद्वानांनीही तेच केले. वाचून झाल्यावर मी प्रणालीला फोन केला. हे लिहू काय, असे विचारले. पलीकडे छपाईयंत्र चालू होते. ती म्हणाली, "लिवा. मी तर कधीच लिवून ठेवलंय. कुणी वाचलं नाय, त्याला मी काय करू?"

अर्जाच्या दुसऱ्या पानावर 'कुटुंबातील इतर रुग्ण' असा तक्ता आहे. त्यात एकच नाव आहे, प्रणालीचे. 'लक्षणे सुरू झाली आहेत काय?' यापुढे तिने स्वतःच 'होय' भरले आहे, आणि वयाच्या रकान्यात, तेवीस.